पूल तात्पुरता बंद आहे

स्केलबेक गावचा पूल गेला तो फेब्रुवारीतल्या वादळात, आणि गेला म्हणजे पार गेला. मधली कमान ओढ्यानं उचलली आणि खाली कुठेतरी मेंढ्यांच्या कुरणात नेऊन टाकली. दोन काठांवर दगडांचे दोन खुंट तेवढे उरले. दुसऱ्या दिवशी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराची, माणसं पिवळी जाकिटं घालून आली, लाल प्लास्टिकचं कुंपण घातलं, एक पाटी ठोकली आणि पबमध्ये चहा पिऊन परत गेली. पाटीवर लिहिलं होतं : पूल तात्पुरता बंद आहे. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. कुंपणाचा लाल रंग उडून गुलाबी झाला, पाटीच्या कडेनं शेवाळ चढलं, पण 'तात्पुरता' हा शब्द जसाच्या तसा राहिला. मेला तोच शब्द पुढे सगळ्यांच्या मुळावर आला.

शाळा ओढ्याच्या अलीकडे, चर्चला लागून. दोन वर्ग, एक हॉल, आणि चिखलाचे बूट काढून ठेवायला एक पडवी. हेदर मौन्सी तिथली मुख्याध्यापिका. नाव मुख्याध्यापिकेचं, पण मोठ्या वर्गाला शिकवायचं तिनंच, तुंबलेली मोरी काढायची तिनंच, आणि बॉयलर रुसला की त्याची समजूतही तिनंच काढायची. छोट्या वर्गाला एक तरुण मास्तर होता. स्वयंपाकघरात आयरिस होती. आणि लॉर्ना फेअरन होती, जिला कागदावर वर्गातली मदतनीस म्हणत, आणि गावात शाळा म्हटलं की जिचा चेहरा आधी डोळ्यांपुढे येई.

गेली तीन वर्षं लॉर्नाचं मुख्य काम म्हणजे टिली रूटलेज. सात वर्षांची पोर. तिला फिट यायच्या, कधीही, कुठेही. चालता चालता डोळे थिजायचे आणि दुसऱ्या क्षणाला ती जमिनीवर. म्हणून तिच्या हाताच्या अंतरावर सतत कुणीतरी लागायचं. बोलायचीही ती फार कमी, एका वेळी एकच शब्द. सकाळी आई हात धरून आणायची आणि शाळेचं फाटक दिसलं की टिली जाहीर करायची, "आलं." मग लॉर्नाचा हात धरायचा आणि दिवस सुरू. शाळेबाहेर फारशी कुठे न रमणारी ही मुलगी शाळेत मात्र घरच्यासारखी वावरायची, आणि हेदरला आपल्या सगळ्या कारकिर्दीत कशाचा अभिमान वाटत असेल तर या एका गोष्टीचा.

आता पैशाचं एकदाच सांगून टाकू, कारण त्याशिवाय गत्यंतर नाही. वरचं सरकार काउंटीला पैसे देतं आणि काउंटी ते आपल्या साध्या शाळांना वाटते. साध्या म्हणजे कागदावरच्या भाषेत मुख्य प्रवाहातल्या. वाटप डोकी मोजून. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी पटावर जितकी मुलं, तितके पैसे, पुढचं सबंध वर्ष. त्याच दिवशी लहान वर्गांत शाळेचं जेवण किती मुलं जेवली तेही मोजतात, म्हणून त्या गुरुवारी बघावं तिथं फिश फिंगर आणि चिप्स असतात आणि घरून डबा आणणारी पोरंही नेमका त्याच दिवशी डबा विसरतात. टिलीसारख्या मुलाला जी जास्तीची मदत लागते, तिच्या खर्चाचा पहिला मोठा वाटा शाळेनं आपल्याच गल्ल्यातून काढायचा. मोठ्या शाळेला ते जमून जातं. स्केलबेकची पलीकडच्या काठावरची मुलं पूल गेल्यावर तिकडच्याच थॉर्नरिग गावच्या शाळेत गेली होती, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पैसेही.

नियमात एक आशा होती. शाळा छोटी असेल आणि दुसरी शाळा तिच्यापासून दोन मैलांपेक्षा लांब असेल, तर ती आडगावची शाळा धरतात आणि तिला वेगळी रक्कम देतात. थॉर्नरिगची शाळा पुलावरून दीड मैल. पूल नसताना खिंडीतून वळसा घालून अकरा मैल. म्हणजे आंधळ्यालाही दिसावं की स्केलबेक आडगाव झालं. पण अंतर मोजायचं काम होतं लंडनमधल्या संगणकाकडे, आणि त्याच्या लेखी तात्पुरता बंद असलेला रस्ता हा रस्ताच. स्केलबेकची पोरं त्याच्या हिशोबात अजूनही रोज त्या पुलावरून उड्या मारत जाऊ शकत होती. ओढ्यात पडत का नव्हती, हे त्याला कुणी विचारलं नाही.

हेदरनं पत्रं लिहिली, फोन केले, आणि शेवटी नोव्हेंबरात काउंटीच्या शाळा-वाटपाच्या कचेरीतून गॅविन स्टोरी नावाचे गृहस्थ स्वतः यायला निघाले. दहाला यायचे ते अकरा वाजून गेले तरी पत्ता नाही. आले तेव्हा बूट चिखलानं भरलेले आणि चेहरा पडलेला. झालं होतं असं की त्यांच्या फोनमधल्या नकाशानं त्यांना थॉर्नरिगमार्गे थेट गुलाबी कुंपणापाशी आणून उभं केलं होतं. समोर शाळा दिसतेय, पोरांचा गलका ऐकू येतोय, आणि मध्ये ओढा. मग गाडी वळवून खिंडीतून ते सगळा वळसा घालून आले.

हेदरला हसू आवरेना. तिनं त्यांना बॉयलरजवळ बसवलं, चहा दिला, आयरिसनं केलेला केक दिला. मनात म्हणाली, देवानंच धाडला याला त्या वाटेनं. आता काय समजावून सांगायचं राहिलंय? ज्यानं स्वतःच्या गाडीचं पेट्रोल जाळून अकरा मैल मोजले, त्याच्यापुढे आपण आणखी काय बोलायचं?

गॅविन स्टोरी वाईट माणूस नव्हता. तो अर्धा तास टिलीच्या वर्गात बसला. टिलीनं त्याच्या बुटाकडे बोट दाखवून "चिखल" म्हटलं, त्यावर त्यानंही गंभीरपणे "चिखल" म्हटलं. बाहेर आल्यावर त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "मिसेस मौन्सी, मला सगळं पटलंय. मला पटून काही होत नाही, हीच अडचण आहे."

मग त्यानं सांगितलं. लंडनला हरकत कळवता येते, कळवायला तो तयारही आहे. पण सोबत रस्ते खात्याचा दाखला लागतो की हा पूल कायमचा बंद झालाय. तात्पुरता चालत नाही. रस्ते खातं काउंटीचंच, त्याच इमारतीत, त्याच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर. तुम्ही त्यांना विचारा, तो म्हणाला. मी विचारलं तर ते म्हणतील तुमच्या खात्याचा काय संबंध.

हेदरनं विचारलं. रस्ते खात्यातली बाई फोनवर फार गोड बोलली. दाखला देता येईल, का नाही येणार, पण मॅडम, तुम्हाला माहीत आहे ना त्याचा अर्थ? दुरुस्तीचा निधी मिळतो तो तात्पुरत्या बंद पुलांना. कायमचा बंद म्हटलं की त्याचं नाव यादीतून जातं, आणि एकदा गेलेलं नाव पुन्हा चढलेलं आपण तरी पाहिलेलं नाही. शिवाय आधी गावाचं मत घ्यावं लागेल.

हेदरनं फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसली. कारण गावात पुलासाठी जी समिती होती, दोन वर्षं केक विकून, बक्षीस म्हणून मेंढी ठेवून सोडत काढून आणि खासदाराच्या दारात उभी राहून जिनं काउंटीला भंडावून सोडलं होतं, तिचा अध्यक्ष होता डेनिस फेअरन. लॉर्नाचा नवरा.

आणि लॉर्नाची आई, म्हातारी नोरा, राहायची ओढ्यापलीकडच्या पहिल्याच घरात. पटांगणातून घर दिसायचं. नोरा सकाळी उठली की स्वयंपाकघराच्या खिडकीत पिवळं पुसणं टांगायची, म्हणजे मी जिवंत आहे गं बाई. लॉर्ना मुलांना आत घेण्याआधी तिकडे एक नजर टाकायची. मागच्या हिवाळ्यात एकदा पुसणं दिसलं नाही. लॉर्ना गाडी काढून वळसा घालून पोचेपर्यंत म्हातारी थंड फरशीवर पडून होती, कंबर मोडून. पूल असता तर तीन मिनिटांची वाट.

हेदरनं लॉर्नाला सगळं सांगितलं, शाळा सुटल्यावर, पडवीत, बुटांच्या रांगेसमोर. लपवून ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि लपलंही नसतं. सांगताना मात्र तिला ठाऊक होतं की आपण आपल्या मैत्रिणीला नोकरी आणि आई यांतलं एक निवडायला सांगतोय. लॉर्नानं ऐकून घेतलं. मग एका बुटातून ओला मोजा काढून पिळत म्हणाली की डेनिसला हे तू सांगू नकोस, मी सांगते.

जानेवारीत गावच्या हॉलमध्ये सभा झाली. सगळं गाव लोटलं होतं. डेनिसनं नेहमीप्रमाणे एक टोला हाणून सुरुवात केली. "काउंटी म्हणते तुमची शाळा मुख्य प्रवाहातली आहे," तो म्हणाला. "अहो, मुख्य प्रवाहच आमचा पूल घेऊन गेला." लोक हसले. पण पुढे त्याला बोलणं जड गेलं. त्यानं प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडल्या. पूल सोडून द्यायचा तर शाळेला पैसे मिळतील, कदाचित. पूल धरून ठेवायचा तर पूल होईल, कदाचित. बायकोकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

हेदर बोलायला उठली. तिनं शब्द जमवून ठेवले होते, आदल्या रात्री आरशासमोर म्हणूनही पाहिले होते. टिलीबद्दल बोलायचं होतं. टिलीची आई बेथ मागच्या रांगेत कोट न काढता बसली होती, तिच्यासाठी बोलायचं होतं. पण तिनं तोंड उघडण्याआधी बाजूच्या खुर्चीवरून लॉर्नानं तिचा स्वेटर ओढला.

"बस खाली, हेदर," ती म्हणाली, हळू, पण आसपासच्यांना ऐकू जाईल असं. "तू बोललीस तर लोक माझ्या नोकरीकडे बघून पूल सोडून द्यायला हात वर करतील. मग आईकडे मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

हेदर बसली. का बसलीस, असं तिनं पुढे स्वतःला कितीदा तरी विचारलं. पूल तात्पुरताच बंद राहावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा म्हटल्यावर हॉलभर हात वर गेले. त्यात लॉर्नाचा हात होता. बेथनं हात वर केला नाही आणि दुसऱ्या बाजूलाही केला नाही. हेदरनंही तेच केलं.

फेब्रुवारीत वाटपाचे आकडे आले. गॅविन स्टोरीनं ते पाठवण्याआधी फोन केला, एवढं मात्र खरं. आडगावची रक्कम नाही. हेदरनं सगळीकडून काटछाट करून पाहिली, नवी पुस्तकं नकोत, सहल नको, हॉलचं छप्पर गळतंय तर गळू दे. तरी ईस्टरनंतर लॉर्नाला अर्धाच दिवस ठेवता येणार होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तेही नाही. लॉर्ना म्हणाली, "तू तोंड पाडून फिरू नकोस गं, पोरांना कळतं." आणि हेदरला चहा करून दिला, जणू नोकरी हेदरचीच गेली होती.

ईस्टरनंतर दुपारी टिलीचं टेबल हेदरनं स्वतःच्या टेबलाला चिकटवलं. एकीकडे अपूर्णांक शिकवायचे, एक डोळा टिलीवर. मे महिन्यापर्यंत निभावलंही. लॉर्ना तर कित्येक दिवस बिनपगारी थांबायची. एकदा तर आयरिसला मदत करतेय म्हणून स्वयंपाकघरातच बसून राहिली. मग एका दुपारी ती नोराला घेऊन दवाखान्यात गेली होती आणि पडवीतला फोन वाजला. काउंटीचा असेल, म्हणून हेदर उठली. फोनपर्यंत पोचलीसुद्धा नाही. मागे खुर्ची आपटल्याचा आवाज आला. टिलीची हनुवटी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती.

जखम फार मोठी नव्हती, दोन टाके पडले. पण रक्त खूप आलं आणि मोठ्या वर्गातली पोरं रडायला लागली. बेथ आली तेव्हा हेदर जमिनीवर बसली होती, टिलीचं डोकं मांडीवर, स्कर्ट लाल झालेला. तिनं किती वेळा माफी मागितली कोण जाणे. बेथनं तिला शब्दानं दुखवलं नाही, आणि तेच हेदरला सहन होईना. बेथ एवढंच म्हणाली, "तुमची चूक नाही, हेदर. पण मी तिला इथं अशी ठेवू शकत नाही ना?"

थॉर्नरिगची शाळा मोठी. तिथं टिलीसारखी आणखी मुलं होती आणि दिवसभर त्यांच्याबरोबर राहायला दोन बायका होत्या. सप्टेंबरपासून टिलीचं नाव तिकडे गेलं. आणि आता ऐका काउंटीचा न्याय. टिलीला रोज न्यायला-आणायला काउंटीनं टॅक्सी दिली. टॅक्सी कुठल्या रस्त्यानं? खिंडीतून, अकरा मैल, कारण पूल बंद. टॅक्सीच्या खात्याला पूल बंद असल्याचं पक्कं माहीत होतं, त्यांनी मैल मोजून भाडं मंजूर केलं होतं. टिलीला फिट येतात म्हणून टॅक्सीत तिच्याशेजारी एक सोबतीण हवी, तीही मंजूर झाली. टॅक्सी आणि सोबतीण मिळून जो खर्च झाला तो लॉर्नाच्या पगाराहून जास्त होता.

हेदरनं गॅविन स्टोरीला फोन लावला. ती आयुष्यात कुणावर ओरडली नव्हती, त्या दिवशीही ओरडली नाही. "तुमच्या टॅक्सीला पूल मोडलेला दिसतो," ती म्हणाली, "आणि माझ्या शाळेला तोच पूल उभा दिसतो. एकाच काउंटीला दोन पूल कसे?"

गॅविन म्हणाला की टॅक्सीचा पैसा वेगळ्या ठिकाणाहून येतो, तो शाळेत बसवलेल्या माणसावर खर्च करता येत नाही. "मी लिहून विचारलं होतं," तो म्हणाला. "दोनदा. मला सांगितलं, हा तुमच्या खात्याचा विषय नाही." तोही थकलेला वाटला. हेदरला त्याच्यावर धड रागावताही येईना, आणि तिनं आभार मानून फोन ठेवला.

सोबतिणीच्या जागेसाठी लॉर्नानं अर्ज केला आणि ती जागा तिला मिळाली. टिलीला दुसरं कोण सांभाळणार? शिवाय टिलीला थॉर्नरिगच्या दारात सोडलं की दुपारपर्यंत ती नोराकडे बसू शकायची. म्हातारी खूश होती. म्हणायची, या पोरीच्या नशिबानं मला मुलगी परत मिळाली. लॉर्ना हे हेदरला सांगताना हसली आणि मग डोळे पुसायला लागली, कारण तिला आईपाशी बसायला मिळतंय याचा आनंदही तिला नीट होऊ देत नव्हते हे काउंटीचे लोक.

ऑक्टोबरातला तो गुरुवार आला. आयरिसनं सकाळीच बटाटे सोलायला घेतले होते. हेदर फाटकाशी उभी होती, एकही पोर आजारी म्हणून घरी राहू नये अशी मनोमन विनवणी करत. टिलीची टॅक्सी रोज याच रस्त्यानं जायची, कारण खिंडीकडे जायला दुसरा रस्ता नाही. पण एरवी ती सर्रकन निघून जायची आणि हेदर त्या वेळी मुद्दाम आत काहीतरी काम काढायची. त्या दिवशी नेमक्या कुणाच्या तरी मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या आणि टॅक्सी बरोबर फाटकासमोर येऊन थांबली.

मागच्या सीटवर टिली होती. नव्या शाळेचा निळा स्वेटर, हनुवटीवर पांढरा वण. तिनं फाटक पाहिलं, हेदरला पाहिलं आणि पट्टा सोडवायला लागली.

"आलं," ती म्हणाली.

लॉर्नानं तिचा हात धरला. "नाही गं सोन्या, अजून नाही आलं. पुढे जायचंय."

"आलं," टिली पुन्हा म्हणाली आणि मोकळ्या हातानं दाराची कडी ओढायला लागली. दार आतून कुलूपबंद होतं. ड्रायव्हरनं काच खाली करून हेदरला सांगितलं की बाई, मनाला लावून घेऊ नका, ही रोज इथं आली की असंच करते, पुढच्या वळणानंतर गप्प बसते. लॉर्ना हेदरकडे बघत नव्हती. टिलीच्या पट्ट्याचं बक्कल परत लावत होती आणि ते तिला लागत नव्हतं.

हेदरला फाटक उघडावंसं वाटलं. उघडून काय करणार होती? शेवटच्या मेंढ्या रस्ता ओलांडून गेल्या, गाडी निघाली आणि खिंडीकडे वळली.

नऊ वाजता तिनं हातानं वाजवायची घंटा घेतली आणि पटांगणात आली. पोरं पळत होती, कुणीतरी चिप्स चिप्स म्हणून ओरडत होतं. ओढ्यापलीकडे, पिवळ्या पुसण्याच्या खिडकीखालून, ती टॅक्सी थॉर्नरिगकडे चालली होती. सगळा वळसा घालून आता कुठे शाळेच्या समोर पोचली होती. तिथपर्यंत घंटा स्पष्ट ऐकू जाते, गाडीत बसलेल्यालाही. पूल होता तेव्हा पलीकडची मुलं तीच ऐकून घरातून निघायची.

हेदरनं घंटा वाजू नये म्हणून तिचा लोलक मुठीत धरला आणि मुलांना एकेकाच्या नावानं हळू हाका मारून आत घेतलं.